न उडालेल्या विमानाची भरपाई

माझे मालक विमानात बसले नाहीत. एवढं एक वाक्य सांगायचं म्हटलं तर आमच्या गावात अजून त्याला जागा नाही, म्हणून ते कागदावर लिहून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही. कागद उलटून बोलत नाही, त्यामुळे त्याच्यापुढं जमतं.

बांगलादेशची लढाई झाली त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमचं गाव श्रीरामपूरजवळचं, भंडारदऱ्याच्या पाटपाण्यावर पोसलेलं. ऊस बक्कळ, आणि ऊस तुटून गेला की माणसांना बोलायला वेळही बक्कळ. त्या साली आमच्या रानातला एकरी उतारा सगळ्या भागात जास्त पडला. कारखान्यानं ठरवलं की दिल्लीला शेतीचं मोठं प्रदर्शन भरलंय, ते बघायला ह्यांना पाठवायचं. कारखाना रेल्वेचं भाडं देणार होता. ह्यांनी पदरची भर घालून विमानाचं तिकीट काढलं. मी विचारलं, "रेल्वेनं गेलं तर काय हुतंय?"

"रेल्वेनं गुरं बी जात्यात," हे म्हणाले.

विमानात बसलेला माणूस परत येईलच असं नाही, असं गावाचं मत होतं. त्यामुळे निरोप झाला तो निम्मा वरातीसारखा आणि निम्मा मयतीसारखा. पुढं ताशा आणि सनई, मागं डोळे पुसणाऱ्या बायका. सरपंच म्हणजे माझे चुलत दीर. त्यांनी मारुतीपुढं नारळ फोडला, ह्यांच्या डोक्याला फेटा बांधला आणि भाषण केलं, "आज आपला मानूस उडनार! आजवर ह्या गावातलं काय उडालं आसंल तर ते निस्तं उसाचं पाचट!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की वर लघवीला लागली तर खालच्या लोकांनी काय करायचं. मी काय सांगणार? मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पोट ढवळलं तर असावी म्हणून आवळकाठी बांधून दिली. हे वेशीबाहेर गेले ते मागं न बघता. मागं बघू नये असं कुणीतरी सांगितलं होतं.

आठव्या दिवशी हे परत आले. गाव पुन्हा वेशीवर. पुन्हा ताशा. मी आरतीचं ताट घेऊन मागं उभी होते. मला ह्यांचं तोंड दिसत होतं, आणि खरं सांगते, ते तोंड काहीतरी कबूल करायला आलेल्या माणसाचं होतं. ह्यांनी हात वर केला, "आरं, जरा ऐका तरी," असं म्हणाले सुद्धा. तेवढ्यात सरपंचांनी दुसरा फेटा आणला आणि कपाळावरून असा आवळला की ह्यांचे डोळे मिटले. "सांगा दादा, कसं वाटलं वर?" चारी बाजूंनी ओरडा झाला. फेटा बांधून झाला, डोळे उघडले, आणि हे म्हणाले, "लई गार वाटलं."

झालं. विमान तिथून उडालं.

मला खरं कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात, धारा काढताना. गाईकडं तोंड करून हे बोलले, माझ्याकडं नाही. मुंबईच्या विमानतळावर सकाळपासून बसून राहिले होते. दुपार झाली, विमान नाही. संध्याकाळी एक टोपीवाला आला आणि म्हणाला, यंत्रात बिघाड आहे, आजचं विमान रद्द. कंपनीनं सगळ्यांना रात्री हॉटेलात जागा दिली आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसा म्हणून सांगितलं.

"मग बसला का न्हाई दुसऱ्या दिशी?" मी विचारलं.

"आमी काय रिकामटेकडे हाय व्हय? आज या, उद्या या!"

पुढं म्हणाले, त्या यंत्राचं पोट उघडलं होतं आणि चार माणसं आत डोकं घालून एकमेकांना शिव्या देत होती, ते काचेतून दिसत होतं. मी समजले. आमच्या इंजिनाच्या पंपाचं पोट असं उघडलं की पाणी पुढच्या आठवड्यापर्यंत येत नाही, हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? कंपनीनं तिकिटाचे पैसे परत दिले. ते घेऊन हे एस.टी.नं नगरला आले. पण गावानं वाजतगाजत वेशीबाहेर घातलेला माणूस न जाताच परत कसा येणार? म्हणून पाथर्डीची गाडी धरून तिसगावच्या बाजूला माझ्या माहेरी गेले आणि दिल्लीतून परत यायचा दिवस उजाडेपर्यंत तिथं राहिले. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्या माहेरी एक रात्र काढली नव्हती. तिथलं पाणी मचूळ आहे, भाकरी घशाला टोचते. आता मात्र चार दिवस त्याच भाकरीवर दिल्ली पाहिली. माझ्या भावाला शपथ घातली होती. त्यानं ती पाळली. तो बिचारा बोलतच नाही कधी, आमच्या घराण्यातच ते नाही.

पुढचा महिना ह्यांनी पारावर विमान चालवलं. ढग खाली दिसतात ते कसे, तर श्रीरामपूरच्या बाजारात पिंजून ठेवलेल्या कापसासारखे. पेपरमिंट देणारी बाई किती वेळा आली. ड्रायव्हरनं (हे पायलटला ड्रायव्हर म्हणत, आणि तेवढं एक मला खरं वाटे) स्वतः येऊन उसाची जात विचारली. रोज थोडी उंची वाढे. बायका माझ्याकडं येऊन विचारत, मी मान खाली घालून ताकाचा गडू पुढं करी. "मालकीनबाईंना लई गर्व झालाय आता," असं पाणवठ्यावर कुणीतरी म्हणाल्याचं कानावर आलं. न बोलण्याचे असे फायदे असतात.

आणि ह्यातूनच आमच्या थोरलीला स्थळ आलं.

थोरली अठराव्यात होती. मुलगा राहुरीकडचा, हायस्कुलात मास्तर. सरळ, डोळ्यांत बघून बोलणारा. बघायला आला तेव्हा तिला त्यानं एकच विचारलं, "पुढं शिकायची इच्छा आहे का?" ती हो म्हणाली. नंतर चुलीपुढं बसून ती मला म्हणाली, "आई, हेच झालं तर बरं." मला त्या क्षणापासून दुसरं काही नको होतं. पण मुलाचे वडील आमच्याकडं आले ते मुलीसाठी कमी आणि विमानासाठी जास्त. सोयरीक सरपंचांनी आणली होती आणि आणताना सांगितलं होतं, "व्याही दिल्लीला उडून आल्याला हाय." पाहुणे पहिल्या चहाला म्हणाले, "मुलीचं नंतर बघू. आधी विमानाचं होऊ द्या." ह्यांनी होऊ दिलं. मी दाराआड उभी होते आणि माझ्या मुलीचा संसार कापसासारख्या ढगावर मांडला जाताना बघत होते. खरं कळलं तर पाहुणे उठून जातील, एवढंच माझ्या मनात.

असं असताना माणसानं काय करावं? गप्प बसावं. ह्यांनी नुकसानभरपाई मागायचं ठरवलं.

श्रीरामपूरला एका वकिलाचा कारकून ह्यांच्या ओळखीचा होता. चहाच्या दुकानात ह्यांनी त्याला खरं काय ते सांगितलं. परगावच्या माणसाला खरं सांगायला ह्यांना काही वाटत नसे. कारकून म्हणाला, "तिकिटाचे पैसे दिले म्हणजे काय उपकार केले? मनस्तापाचं काय? भरपाई मागा. मोठ्या कंपन्यांना द्यावीच लागते." हे तसेच घरी आले, दार लावून मला म्हणाले, "पाटी-पेन्शिल न्हाई, चांगला कागद घे. तुझं अक्षर बरं हाय. आदी मराठीत लिहू, मग तो इंग्रजी करंल."

"गुर्जींकडून लिहून घ्या की," मी म्हटलं.

"अगं, गुर्जी गावात राहतो!"

मी लिहायला बसले. हे येरझारा घालत सांगू लागले. नुकसान पहिलं, विमानतळावर दिवसभर ताटकळणं. हे मला पटलं, लिहिलं. दुसरं, दिल्लीचं प्रदर्शन हुकलं. हेही खरं. तिसरं, गावानं केलेला निरोपाचा समारंभ: ताशा, सनई, फेटा, हार, नारळ.

"नारळ मारुतीला फोडला," मी म्हटलं. "त्याची भरपाई मारुतीला द्यायची का आपल्याला?"

"लिही म्हनतो तेवढं लिही."

चौथं नुकसान सांगताना हे थांबले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "चार दिवस नाइलाजानं सासुरवाडीला राहावं लागल्यामुळे झालेली मानहानी."

माझा हात थांबला. मी लाजाळू असेन, पण लेखणी माझ्या हातात होती. मी म्हटलं, "भाकरी माझ्या भावानं घातली. दूध वहिनीनं शेजारून उसनं आणलं. मग ही भरपाई कंपनीनं तुमच्या नावानं पाठवायची का तिसगावला?"

"तुला कायद्यातलं कळत न्हाई."

"मला भाकरीतलं कळतं."

हे माझ्याकडं बघतच राहिले, जसं काही पाटानं उलटं वाहायला सुरुवात केली. चौथं नुकसान मी लिहिलं नाही. हे म्हणाले, कारकुनाला तोंडी सांगीन. सांगितलं असावं.

ह्यांना पैसा हवा होता का? नाही. घरात त्या साली पैसा होता. मला नंतर कळत गेलं की ह्यांना कुणीतरी "चुकलं" म्हणायला हवं होतं. स्वतःला ते म्हणता येत नव्हतं, तेव्हा कंपनीनं म्हणावं. इतक्या लांबच्या माणसाकडून माफी मागवून घ्यायची आणि पारावर मात्र रोज उडत राहायचं. एका तोंडानं बसलो आणि एका तोंडानं बसलो नाही, हे दोन्ही हक्काचं, असं ह्यांचं म्हणणं.

कंपनीचं उत्तर आलं. कारकुनानं अर्थ सांगितला तो असा: झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो. परंतु आपल्याला दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा दिलेली होती. त्या विमानानंही आपण गेला नाहीत, याबद्दल आपल्या गावच्या सरपंचांचा सही-शिक्क्याचा दाखला महिन्याभरात पाठवावा, म्हणजे मागणीचा विचार करता येईल.

हे घरी येऊन ओसरीवर बसले. जेवणाचं ताट वाढलं तेव्हा म्हणाले, "सरपंचाचाच कशाला? तलाठ्याचा चालला आस्ता."

"सोडून द्या आता," मी म्हटलं. "पोरीचं जमतंय. कशाला ते उकरायचं?"

"खेद वाटतो म्हनतात. आजून 'चूक झाली' म्हनत न्हाईत. आता सोडलं तर त्यांचंच खरं झालं."

आमचे चुलत दीर कागद न वाचता सही करण्याबद्दल तालुक्यात प्रसिद्ध होते. शिक्का कोटाच्या खिशात, शाईची डबी दुसऱ्या खिशात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, कुणाच्या पाठीवर, एकदा तर बैलाच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून त्यांनी सह्या केल्या आहेत. ह्याच भरवशावर ह्यांनी बेत केला. दाखला कारकुनाकडून लिहून आणला. पण पुढं तीन वेळा सरपंचांकडं गेले आणि तिन्ही वेळा ते एकटेच सापडल्यामुळे हे परत आले. म्हणाले, "एकटा आसला की वाचंल बिचंल. गर्दीत पायजे." गर्दी आमच्याच घरी होणार होती. थोरलीची सुपारी फोडायचा दिवस ठरला होता.

"त्या दिशी नको," मी म्हटलं. हात जोडले. "पाहुण्यांपुढं नको."

"पाहुण्यांपुढंच बरं. महिना बी सरत आलाय. तू आत चहाचं बघ."

सुपारीच्या दिवशी ओसरीवर सतरंज्या घातल्या. राहुरीकडची दहा-बारा माणसं. पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, मधे, त्यांच्या शेजारी सरपंच कडक इस्त्रीत. मी दाराआड, थोरली माझ्या पाठीशी. बैठक रंगली. सरपंच पाहुण्यांना पाटपाण्याचं राजकारण सांगत होते, तेवढ्यात हे पानाचं तबक पुढं करता करता त्याखालून कागद सरकवून म्हणाले, "भाऊ, हितं एक सही तेवढी. किरकोळ हाय."

एरवी झाली असती. पण पाहुणे बघत होते. सरपंचांनी कागद हातात घेतला, लांब धरला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी वाचल्याबिगर सही करत न्हाई."

गावच्या माणसांनी माना वळवल्या. त्यांच्या तोंडून असं सगळे पहिल्यांदाच ऐकत होते.

"घरचाच कागद हाय, भाऊ."

"घरचा आसला म्हनून काय झालं? पदाला जबाबदारी आसती. चष्मा तेवढा घरी राह्यला." आणि त्यांनी कागद पाहुण्यांकडं दिला. "पाहुणे, तुमी वाचा. तुमी रोज पेपर वाचनारी मानसं."

पाहुण्यांना हा मान वाटला. त्यांनी घसा साफ केला. मी दाराची कडी घट्ट धरली. ते मोठ्यानं वाचू लागले, "दाखला देण्यात येतो की, मौजे मजकूर येथील, खाली नाव दिलेले रहिवासी यांनी मुंबई ते दिल्ली असा विमानप्रवास नेमल्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही केलेला नाही, हे आम्हांस खात्रीलायक माहीत आहे."

'खात्रीलायक' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

कुणी पानाला चुना लावत होतं, ते बोट तसंच राहिलं. सरपंच म्हणाले, "कुनाचा हाय ह्यो दाखला?" पाहुण्यांनी नाव वाचलं. मग ह्यांच्याकडं बघितलं. "म्हणजे? व्याही, तुम्ही बसला नव्हता?"

हे म्हणाले, "तसं न्हाई. त्या तारखेला न्हाई. त्याच्या आदी..." मग म्हणाले, "इमान निगालं हुतं, पर..." मग, "कागदोपत्री तसं लिहावं लागतं, पाहुणे. मागनीसाटी."

"मग खरं काय?"

ह्यांनी तिसरं काहीतरी शोधायला तोंड उघडलं. पाहुणे हुशार. त्यांनी ह्यांचं ऐकायचं सोडलं आणि दाराकडं मान वळवली. "विहीणबाई, तुम्ही सांगा. तुम्ही घरातल्या. ते बसले का नाही बसले?"

आमच्याकडं बैठकीत बाईला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर बाई उत्तर देत नाही. थोरलीनं मागून माझ्या पदराला धरलं. ते थांबवायला होतं की पुढं ढकलायला, मला कळलं नाही, नंतर कधी विचारलंही नाही. मला एवढंच दिसत होतं की मी हो म्हणाले तर ही पोर आयुष्यभर सासऱ्याच्या तोंडून ते ढग ऐकणार आणि मान हलवणार, जशी मी हलवली. नाही म्हणाले तर कदाचित ती माणसं आता उठणार. मी दाराबाहेर एक पाऊल टाकलं आणि म्हटलं, "न्हाई बसले. चार दिस माझ्या माहेरी हुते. तिसगावला."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी पाहुण्यांच्या पायांकडं बघत होते, ते उठतात का म्हणून. ते उठले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे आता कुणाकुणाला माहीत आहे?"

सरपंच म्हणाले, "हितं बसल्यात तेवढ्यांनाच."

"मग हितंच राहू द्या." पाहुणे ह्यांच्याकडं सरकले. "व्याही, मी सगळ्या भावकीत सांगून बसलोय की माझा सोयरा विमानानं दिल्ली करून आलाय. साखर कारखान्याच्या सभेत सांगितलंय. पत्रिकेत तसं छापायचं म्हणत होतो. आता मी काय परत जाऊन सांगू? तुम्ही तिसगाव करून आला म्हणून?"

पहिल्यांदा सरपंच हसले. मग सगळी ओसरी हसली, हेही हसले. पाहुण्यांनी दाखल्याचे चार तुकडे केले आणि तबकात टाकले. सरपंचांनी लगेच जबाबदारीनं सांगितलं की पाहिजे तर 'बसले' असा दाखला ते आत्ता देतात, शिक्का खिशातच आहे. "लागला तर घेऊ," पाहुणे म्हणाले. सुपारी फुटली. सोयरीक पक्की झाली. मी जे बोलले ते कुणीच ऐकलं नव्हतं, असं तिथंच ठरून गेलं. आत आले तेव्हा एक चुलत जाऊ म्हणाली, "वैनी, चहात साखर कमी पडली जरा."

थोरलीचं लग्न झालं. जावई भला निघाला. तिला त्यानं पुढं शिकवलं, आता ती स्वतः शाळेत आहे. त्याला खरं ठाऊक आहे, तिनंच सांगितलं. तो विमानाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो. पत्रिकेत विमान छापलं नाही, पण मांडवात पाहुण्यांनी ह्यांची ओळख करून देताना हात आडवा करून हवेत फिरवला होता. लोकांनी मान देऊन जागा केली. हे बसले.

लग्नानंतर काही दिवसांनी कंपनीचं आणखी एक पत्र आलं. दाखला मिळाला नाही, तरी मागणी अजून विचारात आहे, लवकर कळवावं. ह्यांनी ते कारकुनाकडून वाचून आणलं आणि जेवण झाल्यावर मला म्हणाले, "कागद घे. लिही की आमची काही तक्रार न्हाई. आपल्या विमानानं प्रवास सुखाचा झाला. असं कंपनीकडं कागदोपत्री असलेलं बरं. उद्या कुनी चौकशी केली तर?"

मी पेन आणलं, कागद आणला, दोन्ही ह्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"लिही की."

"हे तुमी लिहा," मी म्हटलं. "बसला तुमी हुता."

ह्यांनी कागद जवळ ओढला. मग पेन उचललं. ह्यांनी शाळा सोडल्यापासून सहीखेरीज काही लिहिलं नव्हतं. दुपारभर ओसरीवर बसून लिहीत होते. 'सुखाचा' ह्या शब्दापाशी आले तेव्हा मला हाक मारून विचारलं, कसा लिहायचा. मी भाकरी थापत होते. म्हटलं, "तुमाला जसा वाटला तसा लिहा."